वाळवंटांतील सोपी वाट

महाभारताच्या अखेरीस महाप्रस्थानिक पर्व येतें. पांच पांडव आणि द्रौपदी राज्याचा त्याग करून निघतात, तेव्हां एक कुत्रा त्यांच्यामागें चालूं लागतो. हिमालय ओलांडल्यावर त्यांना वाळूचा समुद्र दिसतो, असें व्यासांनीं वर्णिलें आहे. वाटेंत एकेक जण पडतो. शेवटीं धर्मराज आणि तो कुत्रा एवढेच उरतात. इंद्राचा रथ समोर उभा असतांही कुत्र्याला टाकून स्वर्गीं जाण्याचें धर्मराज नाकारतात. ही कथा मराठी घरांत लहानपणींच कानांवर पडते आणि धर्मराजाच्या निष्ठेचें कौतुक करून ऐकणारे उठतात. परंतु त्या कुत्र्याच्या निष्ठेकडेही पाहण्यासारखें आहे. कोठें जावयाचें, किती चालावयाचें, हें तो विचारीत नाहीं. पुढचा माणूस चालतो म्हणून तो चालतो. कुत्र्याचा हा गुण थोर खराच. पण उन्हाच्या प्रदेशांत तोच गुण त्याच्या जिवावर बेततो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲरिझोना या संस्थानाचा दक्षिण भाग सोनोरा वाळवंटांत मोडतो. वाळवंट म्हटलें कीं वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढें येतात. हें वाळवंट तसें उघडें बोडकें नाहीं. येथें वर्षांतून दोनदां पाऊस पडतो; हिवाळ्यांत संथपणें आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत गडगडाटासह. टूसॉन शहरीं या दोन्हींची बेरीज सुमारें ११ इंच होते. एवढ्याशा पाण्यावर तेथें निवडुंगांचें आणि कांटेरी झाडांचें एक अरण्यच उभें आहे. सवारो नांवाचा प्रचंड निवडुंग हा त्या अरण्याचा राजा. त्याच्या रक्षणासाठीं १९३३ सालीं शासनानें टूसॉनजवळची भूमि राखून ठेवली, आणि १९९४ सालीं तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. शहराच्या पूर्वेस एक आणि पश्चिमेस एक असे या उद्यानाचे दोन भाग आहेत.

उद्यानांत डोंगरावर चढणाऱ्या पाऊलवाटा पुष्कळ आहेत, परंतु तेथें कुत्र्यास प्रवेश नाहीं. त्याचा गंध आणि भुंकणें यांनीं वन्य प्राणी बिचकतात, हें त्याचें एक कारण. फिरावयाच्या वाटांपैकीं दोनच कुत्र्यास मोकळ्या आहेत. पूर्व भागांतील वाट पाव मैलाची आणि पश्चिम भागांतील अर्ध्या मैलाची. दोन्ही सपाट आणि पक्क्या बांधलेल्या. चाकांच्या खुर्चींत बसणारा मनुष्यही तेथें सुखानें जाऊं शकतो. कुत्रा सहा फुटांहून लांब नसलेल्या दोरीनें बांधलेला असावा, एवढी अट.

हिवाळ्यांतल्या एखाद्या सकाळीं या वाटेवर कुत्र्यास घेऊन जाण्यासारखें सुख नाहीं. हवा थंड असते, ऊन कोंवळें असतें. वाटेच्या दुतर्फा सवारोचे खांब उभे असतात. त्यांच्या अंगावर उभ्या घड्या असतात. पाऊस पडला कीं मुळें पाणी शोषून घेतात, घड्या उलगडतात आणि झाड फुगतें. पुढें दुष्काळांत तें हळूहळू पुन्हां आकसतें. या झाडाला कसलीच घाई नाहीं. पहिल्या आठ वर्षांत त्याची वाढ इंच-दीड इंच होते. पहिला फांटा फुटावयास बहुधा पन्नास वर्षांहून अधिक काळ लागतो. खोडांत सुतारपक्षी घरटें कोरतो, आणि तो सोडून गेला कीं चिमुकलें घुबड तेथें बिऱ्हाड करतें. मे महिन्यांत रात्रीं पांढरीं फुलें उमलतात. तीं दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत टिकतात. वटवाघळें, पारवे आणि मधमाशा त्यांच्या मधावर येतात. जूनमध्यें फळें पिकतात, तेव्हां तेथील मूळचे रहिवासी तोहोनो ओओधाम लोक सवारोच्याच वाळलेल्या फासळ्यांची लांब काठी करून तीं पाडतात.

मालक वर पाहत चालतो. कुत्रा खालीं हुंगत चालतो. दोघांची वाट एकच, पण जग निराळें. माणसाचें डोकें जमिनीपासून पांच-साडेपांच फूट उंच; कुत्र्याचें पोट वीतभर ते हातभर. माणसाच्या पायांत जाडजूड बूट. कुत्र्याचे तळवे उघडे. माणसाच्या सर्वांगाला घाम येतो आणि तो वाळतांना अंग निवतें. कुत्र्याला घाम येतो तो तळव्यांपुरताच. त्याला निववणारें साधन म्हणजे धापा. जीभ बाहेर काढून तो भराभर श्वास घेतो, तोंडांतला ओलावा उडून जातो आणि त्याबरोबर उष्णता जाते. परंतु हवा शरीराइतकी तापली आणि तोंड कोरडें पडलें म्हणजे ही युक्ति लंगडी पडते. बसक्या नाकाच्या कुत्र्यांत तर ती मुळांतच दुबळी असते. निरोगी कुत्र्याचें अंग १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असतें. तें १०५-१०६ च्या वर चढलें कीं प्राणावर संकट येतें.

यांत एक विपरीत गोष्ट आहे. माणसासाठीं वाट सोपी व्हावी म्हणून ती पक्की बांधली. पण उन्हांत तीच बांधलेली जमीन हवेपेक्षां कितीतरी अधिक तापते. म्हणजे मालकाला जी वाट सर्वांत सोपी, तीच उन्हाळ्यांत कुत्र्याच्या तळव्यांना सर्वांत कठीण. त्याची परीक्षा साधी आहे. हाताची मागची बाजू जमिनीवर टेकवून सात सेकंद धरावी. चटका बसून हात उचलावा लागला, तर कुत्र्यास तेथें चालवूं नये. हा नियम ॲरिझोनापुरताच नाहीं. मे महिन्यांतील नागपुरच्या डांबरी रस्त्यासही तो तितकाच लागू आहे.

टूसॉनला जून महिन्यांत पारा वारंवार १०० अंशांवर, म्हणजे ३८ सेल्सिअसच्या वर जातो. त्याच संस्थानांतील फीनिक्स शहरानें २०१६ सालीं असा नियम केला कीं, उष्णता १०० अंशांवर पोहोंचली म्हणजे शहराच्या डोंगरवाटांवर कुत्र्यास नेऊं नये. नियम करण्याची पाळी येते, कारण कुत्रा स्वतः थांबत नाहीं. माणूस थकला कीं तक्रार करतो, सांवली शोधतो. कुत्रा मालकाच्या पायाशीं पाय मिळवीत जातो आणि एकदम कोसळतो.

म्हणून मालकानेंच त्याच्याकडे पाहत चालावें. धापा थांबत नाहींत, लाळ घट्ट झाली आहे, पाऊल अडखळतें आहे, सांवली दिसतांच तो बसूं पाहतो. यांतील एकही चिन्ह दिसलें तर पुढें जाऊं नये. सांवलींत न्यावें, गार पाण्यानें अंग भिजवावें, वारा घालावा आणि विलंब न लावतां पशुवैद्याकडे न्यावें. पाणी घरूनच न्यावें, आणि तें माणसाच्या वांट्यांतून उरलेलें नसावें. कुत्र्याचा वांटा वेगळा असावा.

दोरी आंखूड ठेवण्याचाही अर्थ येथेंच कळतो. चोया नांवाच्या निवडुंगाचे तुकडे नुसत्या स्पर्शानें सुटतात आणि अंगांत रुततात. ते हातानें काढूं गेल्यास हातांतच रुततात, आणि कुत्रा दांतानें काढूं गेला तर तोंडांत. म्हणून जाणते लोक खिशांत एक कंगवा ठेवतात आणि त्यानें तो तुकडा उपटून दूर फेंकतात. उबेच्या दिवसांत खुळखुळ्या साप वाटेकडेला पडलेला असतो. पावसाळी रात्रीं एक मोठा बेडूक बाहेर येतो, त्याला कुत्र्यानें तोंड लावलें तरी त्याच्या कातडीवरील विषानें प्राण जाऊं शकतो. हुंगणें हा कुत्र्याचा स्वभाव. तो बदलत नाहीं. दोरी आंखूड ठेवणें मालकाच्या हातीं आहे.

त्या वाटेवर आणखी एक दृश्य आढळतें. पालो व्हेर्दे नांवाच्या झाडाखालीं कित्येकदां सवारोचें लहानसें रोप दिसतें. पुढें चाळीस फूट उंच होणाऱ्या या राजालाही बाळपणीं दुसऱ्याच्या सांवलीवांचून जगतां येत नाहीं. वाळवंटांत जो तो कोणाच्या तरी सांवलीच्या आधारानें वाढतो. कुत्र्याची सांवली म्हणजे त्याचा मालक.

धर्मराजांनीं कुत्र्यासाठीं स्वर्ग नाकारला. सामान्य माणसापुढें एवढा मोठा प्रसंग येत नाहीं. त्यानें इतकेंच करावें कीं पहांटे लवकर निघावें, जमिनीला हात लावून पहावा. आणि ती तापलेली असेल, तर वाट केवळ पाव मैलाची आहे असें न म्हणतां कुत्र्यास घेऊन घरीं परत यावें.