आईची झोप



'तुझ्या क्षेत्राबद्दल चार शब्द बोल' असं मला सांगितलं होतं. पण सॉफ्टवेअरबद्दल ऐकायला इथे कोणी आलेलं नाही. समोर आपले सर आणि बाई बसलेत, म्हणून मी आईच्या झोपेबद्दल बोलते.

आई ७४ वर्षांची. दोन वर्षं ती फोनवर सांगायची, "साडेतीनला डोळा उघडतो, मग आढ्याकडे बघत पडते." माझं अर्धं लक्ष लॅपटॉपमध्ये. मी म्हणायचे, "अगं, या वयात झोप कमीच लागते." हे मी कुठून शिकले देव जाणे! पासष्टीनंतरही सात-आठ तास झोप लागतेच. गाढ झोप कमी होते, जाग लवकर येते, एवढंच.

मग शेजारच्या काकूंनी त्यांची अल्प्राझोलामची गोळी दिली. झोप छान लागली, म्हणून आईने चालूच ठेवली. मला सांगितलं नाही. सांगून मी काय ऐकलं असतं? चौथ्या महिन्यात रात्री बाथरूमला उठली, तोल गेला, खुब्याचं हाड मोडलं. उतारवयात या गोळ्यांनी पडण्याचा धोका वाढतो, हे मला ऑपरेशननंतर कळलं. (ज्यांची रोज चालू असेल त्यांनी एकदम बंद मात्र करू नका. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.)

डॉक्टरांनी पंधरा दिवस झोपेची वही लिहायला लावली. ती वाचून मला लाज वाटली. सिरीयल संपली की साडेआठला आडवी. साडेआठ ते साडेतीन, सात तास! वर दुपारी दीड तास. आपल्या गणिताच्या बाईंनी हे तोंडी सोडवलं असतं. शिवाय ब्लडप्रेशरची लघवी वाढवणारी गोळी ती रात्री घ्यायची. ती डॉक्टरांनी सकाळी घ्यायला सांगितली. दुपारची डुलकी अर्ध्या तासावर आणली, सकाळचा चहा अंगणात उन्हात, आणि दहाच्या आत अंथरूण नाही.

आता ती पाचपर्यंत झोपते. वॉकर मात्र सुटलेला नाही.

सर, मघाशी चहाच्या वेळी तुम्ही सहज म्हणालात, "झोप काय, वयाबरोबर गेली." घोरणं, श्वास अडकून जाग येणं, रात्री पाय सारखे हलवावेसे वाटणं, कुठली गोळी कधी घेता, हे सगळं डॉक्टरांना एकदा सांगाल का?

आणि हो, नऊ वाजता मी जरा बाहेर जाईन. दहापर्यंत जागं राहायला आईला बोलायला कोणीतरी लागतं.