पदवी एकदाच, अभ्यास कायम

शिरूर अनंतपाळ परिसरात घर बांधायला काढलं असेल, तर अभियंत्याला जरूर विचारा, शेवटचं प्रशिक्षण कधी घेतलंत?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपानं याच लातूर जिल्ह्यातली किल्लारी हादरली. तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पहिल्या विभागात होता. 2002 मध्ये भूकंपरोधक रचनेचं भारतीय मानक, आयएस 1893, सुधारलं. पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात गेला. पदवी तीच राहिली, बांधकामाचं गणित मात्र बदललं.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात परवाना टिकवायला अभियंत्यांना दरवर्षी 15 तास शिकावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांत 36 तास. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत सततच्या वैद्यकीय शिक्षणाचे 30 क्रेडिट पॉइंट लागतात. अभियंत्यांसाठी मात्र देशभर लागू असा परवान्याचा कायदाच नाही.

म्हणून चौकशी आपणच करायची. अभियंत्याकडे स्थानिक परवाना असेल, तर त्याची मुदत बघा. आराखडा कोणत्या वर्षीच्या मानकानुसार आहे, ते विचारा. जोत्याला, लिंटलला आणि छताखाली सलग काँक्रीटचे पट्टे दाखवलेत का, तेही तपासा. उत्तर मिळाल्याशिवाय पाया खोदू नका.