भरपाईचा आदेश आणि अपिलाचा अधिकार
(धार व देवास जिल्ह्यांतील मराठी श्रोत्यांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)

अपराध्यास शिक्षा झाली की न्याय पूर्ण झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु कर्ता पुरुष गमावलेल्या घराची चूल आरोपी तुरुंगात गेल्याने पेटत नाही. म्हणूनच १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७ ने अपराध्याकडून पीडितास भरपाई देवविण्याचा अधिकार न्यायालयास दिला. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ मध्ये आहे.

अशा आदेशास आव्हान देण्याचा अपराध्यास हक्क आहे. धार व देवास येथील सत्र न्यायालयांच्या निकालांवरील अपिले उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे चालतात. दंडाच्या रकमेतून द्यावयाची भरपाई अपिलाचा निकाल लागेपर्यंत देता येत नाही. विधवेच्या वा जखमी मजुराच्या दृष्टीने हा काळ फार कठीण असतो.

आदेश अपिलात टिकावयाचा, तर त्याचा पाया पक्का हवा. रक्कम वाजवी असावी, अपराध्याची ऐपत पाहावी व आवश्यक तर हप्ते बांधून द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये हरियाणातील एका प्रकरणात सांगितले. महाराष्ट्रातील एका खटल्यात २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने ठरविले की, भरपाईचा विचार करणे हे न्यायालयाचे कर्तव्य असून ती दिली वा नाकारली तरी कारणे नोंदविली पाहिजेत. भरपाई न भरल्याबद्दल कैद भोगली तरी देणे फिटत नाही, हेही २०१७ मध्ये स्पष्ट झाले.

अपराधी निर्धन असेल तर काय? ३१ डिसेंबर २००९ पासून अमलात आलेल्या कलम ३५७-अ ने, म्हणजे आजच्या कलम ३९६ ने, राज्य शासनावर पीडित भरपाई योजनेची जबाबदारी टाकली. मध्य प्रदेशातीलच एका प्रकरणात विजेच्या तारेमुळे मृत्यू ओढवला होता. त्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अपराध्यास दोन लाख व राज्य शासनास तीन लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि अपराध्याने न भरलेली रक्कमही शासनाने द्यावी असे सांगितले. पीडिताने अपराध्याच्या ऐपतीची वाट पाहत बसू नये, हे या निर्णयाचे मर्म होय.

योजनेखालील मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे; चौकशी दोन महिन्यांत पूर्ण व्हावी, असा कायद्याचा दंडक आहे. अपुऱ्या भरपाईविरुद्ध पीडितासही अपील करता येते. त्यासाठी औषधांच्या पावत्या, वैद्यकीय दाखले व मजुरी बुडाल्याचा पुरावा पहिल्या दिवसापासून जपावा. निरक्षर कुटुंबाची ही कागदपत्रे नीट लावून देण्याचे काम गावातील शिक्षकाने व पंचायत सचिवाने अंगावर घेतल्यास, न्यायालयाचा आदेश त्या घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचेल.