साम्य कोण सांगतंय?

(व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



बारशाला गेलं की पाळण्याभोवती वाटणी सुरू होते. आत्या म्हणते, "नाक बघा, अगदी आमच्या दादाचं!" मावशी लगेच म्हणते, "डोळे मात्र आमच्या ताईचे हो." त्या बारा दिवसांच्या नाकाला अजून धड आकारही आलेला नसतो. पुढे हेच पोर शेजाऱ्यांची काच फोडून येतं, तेव्हा दोन्हीकडची मंडळी म्हणतात, "कोणावर गेलंय, कोण जाणे!" म्हणून साम्याचे वाक्प्रचार ऐकताना चेहऱ्याआधी बोलणाऱ्याकडे बघावं, एवढंच मला सांगायचं आहे.

'हुबेहूब' घ्या. हा शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेनं आला. मुळात अरबीतलं 'हू' म्हणजे 'तो'; म्हणून हुबेहूब म्हणजे 'तो तोच'. पण या शब्दाला माणसं दोन लागतात. खऱ्या आईला कोणी 'हुबेहूब आई' म्हणत नाही, नकलाकाराला म्हणतात. समोरचा 'तो' नाही हे पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच दाद जाते. बालगंधर्वांच्या बाबतीत तर ही वाट उलटी फिरली. रंगभूमीवर ते स्त्री साकारत आणि प्रेक्षागृहातल्या बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसू पाहत, दागिने घालू पाहत. अस्सल कोण आणि नक्कल कोण, सांगा!

'खाण तशी माती' दुधारी आहे. वकिलाच्या मुलीनं पहिलाच खटला जिंकला तर ते कौतुक; सावकाराच्या मुलानं शेजाऱ्याचा बांध कोरला तर तोच टोमणा. खाण चांगली आणि माती वाईट निघाली, तर 'सूर्यापोटी शनैश्वर' तयार आहेच. रक्ताचं नातं नसेल तिथे ढवळ्याशेजारी पवळ्या बांधावा: वाण नाही पण गुण लागला. पण संगतीनं पोरगं अभ्यासाला लागलं, तर ही म्हण कोणालाच आठवत नाही. तेव्हा हुशारी घराण्याची ठरते.

निसर्गाला मात्र असा पक्षपात जमत नाही. एकाच फलित बीजापासून झालेल्या, आईलाही चकवणाऱ्या जुळ्यांच्या बोटांचे ठसे वेगळे असतात. ठशांच्या याच वेगळेपणावर भरवसा ठेवून 1897 मध्ये कोलकात्यात बोटांच्या ठशांची कचेरी सुरू झाली. तिथे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरणाच्या पद्धतीवर मोलाचं काम केलं. ओळख पटवायची तर साम्य पुरत नाही, फरकच शोधावा लागतो.

आता निवडणुकीच्या दिवसांत पारावर हमखास ऐकू येणारं वाक्य घ्या: "सगळे एकाच माळेचे मणी!" बोलणाऱ्यानं कोणाचा जाहीरनामा वाचलेला नसतो, नगरसेवकानं पाच वर्षांत काय केलं हेही विचारलेलं नसतं. सगळे सारखेच म्हटलं की निवड करण्याचं कामच उरत नाही. तेव्हा पुढच्या वेळी असं कोणी म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: "बरं, यातले दोन मणी घे आणि फरक सांग."