शाईपेन कातणारा स्नेही

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘छंद आणि स्नेह’ असा ऐसपैस विषय कार्यवाहांनी मला दिला आहे. मी मात्र एकाच स्नेह्याविषयी बोलणार आहे. ते मराठी नव्हते आणि आपल्या मंडळाचे सभासदही नव्हते. तरीही गणेशोत्सवातील हस्ताक्षर स्पर्धेत ज्यांच्या मुलांना बक्षीस म्हणून काळेभोर शाईपेन मिळाले, त्यांच्या घरी या गृहस्थांच्या हातची वस्तू आजही असेल. त्यांचे नाव मी मुद्दामच घेत नाही. स्वतः घडवलेल्या पेनवर आपले नाव कोरायला ज्यांनी अखेरपर्यंत नकार दिला, त्यांना व्यासपीठावरून झालेला नामोच्चार रुचला नसता. आम्ही सारे त्यांना ‘मेस्त्रीगारू’ म्हणत असू. आपला मिस्त्री तो इथला मेस्त्री. गारू हे आदराचे.

वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४१ साली पायाभरणी झालेल्या विशाखापट्टणमच्या जहाजगोदीत मेस्त्रीगारूंनी टर्नर म्हणून उमेद घालवली. निवृत्तीनंतर घराच्या मागच्या पडवीत त्यांनी एक जुना लहान लेथ बसवला आणि त्यावर शाईपेने कातायला आरंभ केला. ‘कातारी’ हा आपला जुना शब्द मी त्यांना सांगितला, तेव्हा त्यांनी तो वहीत तेलुगू लिपीत उतरवून घेतला. दर रविवारी सकाळी त्या पडवीत पाचसहा जण जमत: एक बँकेचे रोखपाल, एक रेल्वेचे गार्ड, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील एक सेवक, दोघे विद्यार्थी आणि मी. माझे कसब टोपणाला पॉलिश करण्यापलीकडे कधी गेले नाही. पण पाहण्याचा आनंदही काही थोडा नसतो.

शाईपेन हे या मुलखाचे एक जुने वैभव आहे. येथून रेल्वेने काही तासांवर असलेल्या राजमहेंद्रीत के. व्ही. रत्नम यांनी १९३२च्या सुमारास स्वदेशी पेने घडवण्यास सुरुवात केली. त्यांचे पेन कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे गेले आणि १९३५ साली, बाजारातील परदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे, अशा आशयाचे पत्र गांधीजींनी त्यांना पाठवले. कुमारप्पा ज्या ग्रामोद्योग संघाचे काम पाहत, तो संघ आपल्या वर्ध्याचा. आणि शाई म्हणाल, तर दांडेकरांनी मुंबईत १९३१ साली सुरू केलेल्या उद्योगाची. तेलुगू पेनात मराठी शाई भरताना मेस्त्रीगारू हटकून माझ्याकडे पाहून हसत.

हे पेन एबोनाइटचे असते. रबरात भरपूर गंधक मिसळून ते दीर्घकाळ तापवले की असा कठीण पदार्थ तयार होतो. लेथवर त्याची साल निघू लागली की गंधकाचा उग्र दर्प येतो. आम्हाला तो पुढेपुढे कापरासारखा प्रिय झाला, घरच्यांना मात्र कधीच नाही! कांडीत भोक पाडताना घाई चालत नाही. ड्रिल थोडे आत घालावे, बाहेर काढून कीस झाडावा, कांडी निवू द्यावी आणि मग पुन्हा आत घालावे. नंतर आटे पाडायचे, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचे आणि शेवटी सुती कापडाने चमक आणायची. एबोनाइटमधून हाताची ऊब सहजासहजी आत जात नाही. त्यामुळे आतली हवा एकदम फुगून शाईचा थेंब कागदावर पडण्याची भीती कमी. एटिकोप्पाकाची लाखेची खेळणी ज्या लाकडाची होतात, त्या काळ्या कुड्याचेही एक पेन त्यांनी केले. पण लाकूड शाईने फुगते म्हणून आत एबोनाइटचीच नळी बसवली.

पेन देण्यापूर्वी ते समोरच्या माणसाला चार ओळी लिहायला लावत आणि त्याच्या बोटांकडे पाहत. माझी कन्या डावखुरी. डावा हात निब ओढत नाही, ढकलतो, म्हणून तिचे निब कागदात रुतत असे. मेस्त्रीगारूंनी भिंग लावून ते निब बारीक दगडावर तासभर घासले. पैशांचा विषय काढताच त्यांनी लेथ सुरू केला. त्या आवाजात बोलणे शक्यच नव्हते.

वस्तू देणारे पुष्कळ भेटतात. हातची युक्ती देणारे थोडे. टोपण दीड फेऱ्यात उघडावे म्हणून तीन मुखांचे आटे पाडण्याची साधने त्यांनी स्वतः घडवली होती. एका तरुणाने ती नेली आणि तशीच पेने विकायला सुरुवात केली. आमच्यापैकी काहींना राग आला. मेस्त्रीगारू म्हणाले, “सार, त्याला घर चालवायचे आहे, मला वेळ घालवायचा आहे. निकड कोणाची मोठी?” पुढे त्यांनी त्या तरुणाला दुसरा संचही करून दिला.

२०२२च्या पावसाळ्यात ते गेले. परगावी स्थिरावलेल्या मुलांना घर रिकामे करायचे होते आणि लेथ भंगारात देण्याचे जवळजवळ ठरले होते. त्यांच्या पत्नी सहसा आमच्यासमोर बोलत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले की, लेथ जाईल तो उभे राहून काम करणाऱ्याच्याच घरी. प्रयोगशाळेतील सेवकाची मुलगी तेव्हा आयटीआयमध्ये टर्नरचा अभ्यासक्रम करत होती. लेथ तिच्याकडे गेला. त्याच्या खणात एक वही निघाली. करावयाच्या अकरा पेनांची तीत यादी होती. प्रत्येकापुढे त्या माणसाच्या पंजाची लांबी, निबची जाडी आणि लिहिण्याची ढब.

मुलीने शिक्षण सांभाळून ती पेने एकेक करून पुरी केली. पहिल्या दोनांचे आटे गार्डसाहेबांनी नापसंत ठरवले, तेव्हा तिने ती कुरकुर न करता पुन्हा कातली. नऊ पेने ज्याची त्याला पोहोचली. एकापुढे केवळ ‘पोस्टमन, जाड निब, घाईत लिहितो’ एवढेच आहे. त्या भागातील जुने पोस्टमन बदलून गेले आहेत. आम्ही शोधात आहोत. उरलेल्या एकापुढे ‘मराठी वाचनालय, नोंदवही’ असे लिहिले आहे. ते पेन मी आज अध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे. शाई भरलेली आहे. टोपण ओढू नये, दीड फेरा फिरवावे.