सत्तरीची तयारी चाळिशीत



"चेहरा ओळखीचा आहे गं, पण नाव आठवत नाही!" हे वाक्य आज सकाळपासून सगळ्यांच्याच तोंडी आहे. आपण हसतो, पण आत बारीकशी धास्ती असतेच, की ही कशाची सुरुवात तर नाही? माझ्या आईला डिमेन्शिया आहे, त्यामुळे ही धास्ती मला चांगली ठाऊक आहे.

मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून माझ्या भाषेत सांगते. फोनवर बोलता बोलता किल्ली ठेवली, तर ती कुठे ठेवली हे डोक्यात सेव्हच झालेलं नसतं. मग आठवणार कुठून? अपुरी झोप, ताण, बायकांच्या बाबतीत रजोनिवृत्तीचा काळ, बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड यांनीही विसरायला होतं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. आईचं निराळं होतं. भिशीचा हिशेब तोंडी करणारी ती, जन्मभर केलेल्या आमटीत काय घालायचं हे मला विचारू लागली. हातच्या सवयीची कामं अडू लागली, रोजच्या रस्त्यावर गोंधळ होऊ लागला, की डॉक्टरांना गाठायचं.

अल्झायमरमध्ये मेंदूतले बदल लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीच सुरू झालेले असतात. म्हणून आपलं वय महत्त्वाचं. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४च्या अहवालात बदलता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत. ती सगळी दूर झाली, तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळतील किंवा लांबतील, असा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, एलडीएल कोलेस्टेरॉल, धूम्रपान, व्यायामाचा अभाव ही त्यातली काही. अर्थात ही हमी नव्हे. सगळं पाळूनही आजार होऊ शकतो, आणि झाला तर तो त्या माणसाचा दोष नसतो.

ऐकू कमी येणं हेही त्या यादीत आहे. चष्मा आपण ऐटीत लावतो, पण कानाच्या यंत्राची लाज वाटते. ऐकू येईनासं झालं की माणूस गप्पांतून हळूहळू बाजूला होतो. असा एकटेपणाही यादीत आहेच.

आणखी एक कारण आहे अपुरं शिक्षण. गुरुजन हो, पाढे, व्याकरण, भूमितीची प्रमेयं शिकवताना तुम्ही आमच्या मेंदूची गंगाजळी जमवत होतात, हे आम्हाला आत्ता कळतंय.

म्हणून विनंती एवढीच. रक्तदाब, साखर आणि कान तपासून घ्या. रोज चाला. घरात कुणाला हा आजार असेल तर लपवू नका, आम्हाला सांगा. आणि ग्रुपवर नुसती सुप्रभातची फुलं न पाठवता अधूनमधून फोन करा. माझ्यासारख्या घरी एखाद्या संध्याकाळी त्या फोनचा फार आधार असतो.