न बोलणारे पाय



मी डॉक्टर नाही, बँकेतला कारकून आहे. परंतु मधुमेहामुळे माझ्या पायांच्या मज्जातंतूंना इजा झाली आहे, त्या अनुभवाने बोलतो. रात्री तळपायांची आग होते, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. दिसायला मात्र पाय धडधाकट! म्हणून लोकांना हे दुखणे खरे वाटत नाही.

पूज्य बाबासाहेबांनाही मधुमेह होता व पायांतील अशाच वेदनांनी त्यांची झोप उडे. नानकचंद रत्तू त्यांचे पाय चेपून देत. एवढ्या थोर पुरुषाने सेवा घेतली, मग आपण का लाजावे?

खरे तर आग परवडली, बधिरपणा वाईट. दुखणारा पाय ओरडतो, बधिर पाय गप्प राहतो. चपलेतला खिळा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते. डॉक्टर नायलॉनच्या जाड धाग्याने व कंपन करणाऱ्या नादकाट्याने तपासतात, ते वर्षातून निदान एकदा. रोजचे काम घरच्यांचे. विद्यार्थी मित्रहो, घरात कोणी मधुमेही असेल तर आज रात्री त्यांचे तळवे उजेडात पाहा, बोटांच्या बेचक्यांसह. गरम पाण्याने पाय शेकू देऊ नका.

आमच्या वस्तीत असे चौघे आहोत. दर रविवारी विहाराच्या पायरीवर बसून एकमेकांचे तळवे पाहतो. पोरे हसतात. मागच्या महिन्यात एकाच्या टाचेत काच सापडली. त्याला पत्ताच नव्हता.